जंगलात नेण्यासाठी चाकूंची जोडी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पावसाळा सरला की आम्ही चार-पाच मित्र जंगलाला लागून असलेल्या शेतात एक रात्र मुक्कामाला जातो. रोडगे, वांग्याची भाजी, चूल आणि ताडपत्रीचा आडोसा, एवढाच बेत असतो. ऑनलाइन एक फूटभर लांबीचा चाकू पाहिला. त्याच्या पाठीवर करवतीचे दात आहेत आणि मुठीत होकायंत्र बसवलंय. तो एकच घेतला तर भागेल का? – एक वाचक, मोर्शी तालुका

उत्तर : नाही भागणार. मुठीत होकायंत्र आहे म्हणजे मूठ पोकळ आहे. अशा चाकूचं पातं मुठीच्या तोंडाशीच संपतं आणि एखाद्या नटावर किंवा बोटभर तुकड्यावर अडकवलेलं असतं. लाकडात रुतलेलं पातं पिळून काढताना सगळा जोर नेमका त्या सांध्यावर येतो आणि तिथेच ते तुटतं. पाठीवरचे दातही कामाचे नसतात. करवतीचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, म्हणून तिला लाकडात वाट मिळते. या चाकूचे दात सरळ असल्यामुळे तो ओल्या बांबूत दोन-चार फेऱ्यांतच अडकतो.

जोडी घ्यायची तर एकाला जे जमत नाही ते दुसऱ्याला जमलं पाहिजे. सारख्याच मापाचे दोन चाकू घेणं म्हणजे नुसतं ओझं वाढवणं. तुमच्या बेताला एक लहान, न मिटणारा चाकू आणि एक कोयता ही जोडी बरोबर बसते.

लहान चाकूचं पातं 9 ते 11 सेंटिमीटर लांब आणि पाठीकडे 2.5 ते 3 मिलिमीटर जाड असावं. त्याहून जाड पातं वांगं चिरत नाही, फाडतं. पोलाद मुठीच्या शेवटच्या टोकापर्यंत गेलेलं हवं. लाकडी मूठ असेल तर दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या मधोमध ते दिसतं. मूठ 11-12 सेंटिमीटरची घ्या. चारही बोटं मावून थोडी जागा उरली पाहिजे, नाहीतर ओल्या हाताने बोट धारेवर सरकतं. स्वीडनच्या मोरा कंपनीचा कम्पॅनियन याच मापाचा आहे, पातं साधारण 10 सेंटिमीटर आणि जाडी 2.5 मिलिमीटर. त्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, पण ते घट्ट बसवलेलं असल्यामुळे रोजच्या कामाला पुरतं. फक्त दगडावर ठोकायचं किंवा उचकटायचं काम त्याला देऊ नका.

ताडपत्रीच्या मेखा, आडोशाचे बांबू आणि चुलीची लाकडं ही कोयत्याची कामं. घरचा इळा त्याच्या जागी चालत नाही. त्याचं पातं पातळ आणि वाकडं असतं, गवत ओढून कापायला केलेलं. घाव घातला की धारेचा तुकडा उडतो. मानवेल ही बांबूची जात तर जवळजवळ भरीव असते आणि बांबूच्या सालीत सिलिका असल्याने धार लवकर बोथट होते. लहान चाकूने बांबू तोडायला जाल तर चाकूही जाईल आणि मनगटही. घाव आडवा घालू नका, तिरका घाला. पाय घावाच्या रेषेबाहेर ठेवा आणि हात अधिक कोयता एवढ्या अंतरात कुणाला उभं राहू देऊ नका.

फक्त दिवसभर फिरून यायचं असेल तर कोयत्याऐवजी मिटणारा लहान चाकू चालतो. ओपिनेल 8 क्रमांकाचं पातं साडेआठ सेंटिमीटर आहे आणि मुठीच्या तोंडाशी फिरवून कुलूप करायची कडी आहे. ती फिरवल्याशिवाय काम करू नका, पातं बोटावर मिटतं. आणखी एक अडचण म्हणजे त्याची मूठ लाकडाची आहे. ती पावसात फुगली की पातं उघडता उघडत नाही.

प्रश्न : घरी ट्रॉलीच्या स्प्रिंगचा जुना पोलादी पाटा पडून आहे. त्याचा चाकू आणि कोयता गावच्या लोहाराकडून करून घ्यायचा आहे. त्याला नेमकं काय सांगावं? – एक वाचक, कुरखेडा तालुका

उत्तर : पाट्याचं पोलाद या कामाला उत्तम. पण जुना पाटा वर्षानुवर्षं लवून थकलेला असतो आणि मधल्या बोल्टच्या भोकाजवळ त्यात केसासारख्या चिरा असू शकतात. म्हणून भोकाकडचा वीतभर भाग सोडून टोकाकडचा तुकडा वापरायला सांगा.

चाकूची पाठ 3 मिलिमीटर, कोयत्याची 5 ते 6. पाणी देण्याआधी, म्हणजे पातं लाल तापवून झटकन निववून कडक करण्याआधी, धार पूर्ण काढायची नाही, कडेला साधारण 1 मिलिमीटर जाडी राखायची. पातळ कड गरम होऊन थंड होताना वाकते किंवा तडकते. घडाई संपली की पातं लाल करून हवेत आपोआप निवू द्यायचं, असं तीनदा.

आता मुख्य गोष्ट. बरेच लोहार लाल पातं थेट पाण्यात बुडवतात. पाट्याचं पोलाद तेलात कडक होणारं आहे. पाण्यात ते फार झपाट्याने निवतं, बारीकसा ‘टिक’ आवाज येतो आणि धारेला चीर पडते. कधी ती चीर लगेच दिसत नाही. बांबूवर पहिला घाव पडल्यावर कळतं. म्हणून चार-पाच लिटर सोयाबीन तेल पत्र्याच्या डब्यात घेऊन 50-60 अंशांपर्यंत कोमट करा. इंजिनचं जळकं तेल नको, त्याचा धूर विषारी असतो. डब्याचं झाकण हाताशी ठेवा. तेल पेटलं तर झाकण टाकायचं, पाणी ओतायचं नाही. पातं केव्हा बुडवायचं ते चुंबकाने ठरवा. चुंबक चिकटेनासं झालं की आणखी थोडं तापवा, आणि टोक खाली धरून सरळ बुडवा. निवल्यावर कानस धारेवरून घसरली पाहिजे. ती चावली तर पाणी चढलेलं नाही.

एवढं कडक पातं काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून त्याच दिवशी थोडं तापवून त्याचा कडकपणा जरा उतरवावा लागतो. पॉलिश पेपरने पातं चकचकीत करून पाठीच्या बाजूने निखाऱ्यावर धरा. रंग पाठीकडून धारेकडे सरकत येतो. चाकूच्या धारेवर वाळल्या गवतासारखा पिवळा आला की थांबा. कोयत्याच्या धारेला तपकिरी येऊ द्या, तोवर पाठ निळी होते. थांबा म्हणजे लगेच पाण्यात बुडवा, नाहीतर रंग पुढे पळतो.

कोयत्याची परीक्षा वाळल्या मानवेलीच्या पेऱ्यावर घ्या. धारेचा तुकडा उडाला तर पातं जास्त कडक राहिलंय, पुन्हा थोडं उतरवा. धार वळली तर ते मऊ आहे. सगळं पाणी नव्याने द्यावं लागेल. मुठीला धामण किंवा धावड्याचं वाळलेलं लाकूड घ्या. ओलं बसवलं तर उन्हाळ्यात आटून मूठ खिळखिळी होते.

प्रश्न : शाळेचं निसर्ग शिबिर नवेगावच्या राष्ट्रीय उद्यानात न्यायचं आहे. सोबत चाकू चालतो का? – एक शिक्षक, अर्जुनी मोरगाव तालुका

उत्तर : अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या व्याख्येत शस्त्र म्हणून चाकूही येतो आणि कलम 31 प्रमाणे लेखी परवानगीशिवाय तो आत नेता येत नाही. भाजी चिरायचा चाकू मुक्कामाच्या स्वयंपाकघरातच राहू द्या. बाहेरची गोष्ट वेगळी. शस्त्र नियम, 2016 मध्ये 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात आणि त्यातून घरगुती व शेतीची अवजारं वगळली आहेत. पण पोलिसांचा मनाई आदेश लागू असेल तर लहान चाकूही कमरेला लावून बाजारात फिरू नका. एसटीत तो म्यानात घालून पिशवीच्या तळाशी ठेवा.

प्रश्न : पोलादी चाकू पावसाळ्यात दोन दिवसांत गंजतो. आणि धार बाजारातल्या चाकावर लावली की टिकत नाही, असं का? – एक वाचक, भिवापूर तालुका

उत्तर : बहुतेक वेळा चामड्याच्या म्यानामुळे गंज धरतो. चामडं ओल धरून ठेवतं आणि ते कमावताना वापरलेली द्रव्यं पोलादाला खातात. म्यान फक्त वाटेपुरतं. घरी आल्यावर चाकू धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचा बारीक हात फिरवून उघडा ठेवा. मुठीला जवसाचं तेल चोळा, ते लाकडात सुकून पाणी अडवतं. पण त्या तेलाची चिंधी बोळा करून टाकू नका, आपोआप पेटू शकते. ती पसरून वाळवा.

चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा पातळ धार क्षणात निळी पडते, म्हणजे तिचं पाणी उतरतं. तेवढा भाग मऊ झाला की धार टिकणार कशी? घरी धार लावायचा 400 नंबरचा (भरड) आणि 1000 नंबरचा (बारीक) दगड घ्या. दगड भिजवा आणि पातं 20 अंशांत धरा. अडीच सेंटिमीटर रुंदीच्या पात्याची पाठ दगडापासून 8-9 मिलिमीटर उचलली की हा कोन येतो. कोयत्याला 25 ते 30 अंश द्या. एका बाजूने घासत राहा. दुसऱ्या बाजूला नखाला अडकणारी बारीक कड लागली की बाजू बदला. शेवटी हलक्या हाताने आळीपाळीने दहा-बारा वेळा घासून ती कड काढून टाका. ती तशीच राहिली तर पहिल्या कांद्यापर्यंत चाकू धारदार वाटतो आणि मग एकदम बोथट होतो.