पाइनची दारे: लाटा, डाग आणि गाठी

प्रश्न : कपाटाची दारे घरीच करायला घेतली आहेत. पाइनच्या फळीचा नमुन्याचा तुकडा सँडपेपरने २४० नंबरपर्यंत (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) घासला, हाताला गुळगुळीत लागतो. पण तिरप्या उजेडात लाटा दिसतात आणि स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावल्यावर काळपट डाग पडले. कुठे चुकते आहे?

उत्तर : लाटा आणि डाग, दोन्हींचे मूळ पाइनच्या असमान लाकडात आहे. आधी लाटा. पाइनच्या वलयांत फिकट पट्टा मऊ असतो, गडद पट्टा बराच कठीण. कागदामागे नुसती बोटे किंवा स्पंज असला की मऊ पट्टा आधी झिजतो आणि गडद पट्टा उंच राहतो. म्हणून कागद कडक, सपाट ठोकळ्यावर ताणून घ्या. घासायची मशीन वापरत असाल तर पॅड कडक निवडा आणि मशीनवर भार देऊ नका. तिचे स्वतःचे वजन पुरते.

फळीला रंधा नीट मारलेला असेल तर १०० नंबरपासून सुरुवात करा. ८० फक्त जोडलेल्या फळ्यांच्या सांध्यातला उंचसखलपणा किंवा मशीनच्या रंध्याचे ठसे काढायला. मग १२०, १५०, १८०. मधला नंबर गाळू नका, कारण १०० चे ओरखडे १८० ने निघत नाहीत, आणि नेमके ते स्टेनमध्ये उठून दिसतात. प्रत्येक नंबरापूर्वी फळीभर पेन्सिलीच्या फिकट रेघा मारा. सगळ्या पुसल्या गेल्या की तो नंबर संपला. नंबर बदलताना भुसा पूर्ण झाडा. मागे राहिलेला जाड कण पुढच्या कागदाखाली सापडतो आणि नवा ओरखडा काढतो. मशीनने घासल्यावर शेवटचे हात लाकडाच्या रेषेच्या दिशेने, ठोकळ्यानेच.

स्टेन लावायचा असेल तर १८० वर थांबा. त्यापुढे घासले की पृष्ठभाग घोटला जातो आणि रंग फिकट बसतो. फळीची टोके मात्र २२० पर्यंत न्या. ती रंग जास्त पितात. पाइन मुळातच रंग असमान पितो. त्यामुळे आधी मेणविरहित लाखेच्या पॉलिशचा पातळ हात द्या, सुकल्यावर ३२० ने हलकेच फिरवा, मग स्टेन. आधी त्याच फळीच्या तुकड्यावर करून पाहा, दुसऱ्या फळीचा अंदाज चालत नाही.

प्रश्न : गाठीतून चिकट राळ येते आणि कागद भरून जातो.

उत्तर : साचलेली राळ पटाशीने खरवडा, टर्पेंटाइनने पुसा, पूर्ण सुकू द्या आणि मगच घासा. भरलेला कागद लगेच बदला. तो कापत नाही, लाकूड तापवतो आणि राळ पसरवतो. पांढरा रंग द्यायचा असल्यास गाठींवर लाखेच्या पॉलिशचे दोन हात हवेतच, नाहीतर काही महिन्यांत पिवळे डाग वर येतात.

प्रश्न : दार पिळू नये म्हणून तयारीत काय करावे?

उत्तर : फळ्या जिथे वापरायच्या त्याच खोलीत, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून एक-दोन आठवडे रचा. दोन्ही बाजूंनी सारखाच रंधा मारा. चौकटीच्या खाचेत पॅनेलला (चौकटीत बसणाऱ्या मधल्या फळीला) गोंद लावू नका, ते आकुंचन-प्रसरण पावते. आणि पॅनेलला रंग चौकटीत बसवण्याआधीच द्या. नाहीतर कोरड्या हवेत ते आकसले की कडेने कोऱ्या लाकडाची पट्टी उघडी पडते. मागच्या बाजूलाही पुढच्याइतकेच हात द्यायचे.