लाल दिवा बंद झाल्याशिवाय नाही

प्रश्न: माझा मुलगा विमानतळावर लोडर (सामान चढवणारा-उतरवणारा) म्हणून लागलाय. विमान आलं की सुपरवायझर नुसता ‘पळ पळ’ करतो म्हणे. माझ्या पोटात गोळाच येतो. काय सांगू त्याला? (एक आई, डिचोली)

उत्तर: ताई, विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लाल दिवा लुकलुकतो ना, तो बंद होईपर्यंत जवळ जायचंच नाही, कारण विमान थांबलं म्हणजे इंजिन थांबलं असं नसतं आणि चालू जेट इंजिन माणसाला आत ओढून घेतं. दिवा बंद, चाकांना चोक (चाक हलू नये म्हणून लावायचा अडसर), मग जवळ यायचा इशारा, आणि त्यानंतरच बेल्ट लोडर (सामान वर-खाली नेणाऱ्या पट्ट्याची गाडी). त्यासाठी ओरडा खाल्लेला परवडला.

आणि आपला गोव्याचा पाऊस! रेनकोटची टोपी डोळ्यांवर येते, कानात इअरमफ, बाजूने ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आलेला दिसत पण नाही नि ऐकू पण येत नाही. टोपी घट्ट बांधायची, रिफ्लेक्टरचं जॅकेट रेनकोटच्या वरून घालायचं (आतून घालणारे महाभाग असतात). बॅगेचं तुटलेलं चाक, स्क्रू असलं काही खाली दिसलं तर लगेच उचलायचं, इंजिनात गेलं तर पाती खराब होतात. सुपरवायझर ऐकतच नसेल तर कंपनीच्या सेफ्टी विभागाला लेखी कळवू दे, तारीख-वेळ टाकून.