धूर घरात उलटा का येतो?

प्रश्न : आम्ही राजापूर तालुक्यात राहतो. गेल्या वर्षी जुनं कौलारू घर उतरवून स्लॅबचं बांधलं. गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरचीच, हा सासूबाईंचा आग्रह. म्हणून मागच्या खोलीत चूल-वैल घातली आणि 4 इंची पत्र्याचा पाइप भिंतीतून बाहेर काढून वर नेला. पावसाळा संपल्यापासून सगळा धूर खोलीतच येतो. खिडकीत एक्झॉस्ट फॅन बसवला, तर त्रास वाढलाच. पाइप साफ करायला हवा का?

उत्तर : ताई, साफ करायला हवाच, पण आधी तो पंखा बंद करा.

मी कुंभाराची लेक. 1983 साली सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना आली, त्यानंतर काही वर्षांनी मी चुली घालायला शिकले आणि सातारा भागात घरोघरी त्या घालत हिंडले. जिथे धूर उलटतो तिथे पहिला प्रश्न मी हाच विचारते, की खोलीत हवा येते कुठून? तुमच्या जुन्या घरात कौलांच्या सांदीतून, दाराच्या फटीतून ती आपोआप यायची. नव्या घराच्या सरकत्या खिडक्या घट्ट बसतात. त्यात पंखा खोलीतली हवा बाहेर फेकतो. तेवढी हवा कुठून तरी आत येणारच, आणि तिला सोपी वाट सापडते ती तुमच्या धुराड्याची. मग वर जाणारा धूर तीच खाली ओढून आणते.

चूल पेटवण्याआधी एक उदबत्ती लावून चुलीच्या तोंडाशी धरा. पंखा चालू असताना तिचा धूर तुमच्याकडे येईल. पंखा बंद करून खिडकी चार बोटं उघडा आणि पुन्हा बघा. धूर चुलीत वळला, तर निम्मं काम झालं.

आता पाइपाकडे. गरम हवा हलकी, म्हणून ती वर चढते. पाइप जितका उंच आणि आतून जितका तापलेला, तितकी ओढ जास्त. तुमचा पाइप भिंतीबाहेर आहे, म्हणजे सकाळी गार पडलेला असतो. वैलामागे पाइपाच्या तोंडाशी कागदाचा बोळा आधी पेटवा, पाइप कोमट होऊ द्या, मग चुलीत जाळ घाला. पाइपाचं वरचं टोक स्लॅबच्या कठड्याखाली किंवा पाण्याच्या टाकीला खेटून असेल, तर वारा तिथे उलटा आपटतो. टोक गच्चीपेक्षा निदान 3 फूट वर हवं, आणि 10 फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा 2 फूट वर.

टोकाला टोपी आहे ना? इथे माझी स्वतःची चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका घरी मी टोपी न बसवताच धुराडं सोडून आले. पहिल्याच पावसात पाणी थेट चुलीत उतरलं. त्या माउलीनं वरून चिंध्यांचा बोळा कोंबला, आणि पुढे दोन महिने ती धुरातच स्वयंपाक करत राहिली. मी परत गेले तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. टोपी बसवाच, पण टोपी आणि पाइप यांत चार बोटं मोकळी जागा सोडा. फार दाबून बसवली तर तीच धूर अडवते.

सफाई चूल पूर्ण गार झाल्यावरच करायची, म्हणजे रात्र मधे जाऊ द्या. चुलीच्या तोंडावर ओलं गोणपाट टाका, नाकाला फडकं बांधा. सुंभाच्या लांब दोरीच्या मधोमध काथ्याचा बोळा बांधायचा, पाइपात जेमतेम घट्ट बसेल एवढा. एकानं वरून, एकानं खालून दोरी धरून तो चार-पाच वेळा खालीवर ओढायचा. खाली वळणाशी राख साठते, तिथे उघडता येणारं झाकण नसेल तर पत्रेवाल्याकडून करून घ्या. पावसाळ्यात चूल बंद राहिली असेल, तर वळणात कुंभारमाशीचं घरही सापडेल.

जे पडेल ते हातात घेऊन बघा. भुकटीसारखी मऊ काजळी असेल तर ठीक. काळी, चकचकीत, डांबरासारखी खपली असेल, तर तुम्ही ओलं सरपण जाळताय. ओल्या लाकडाचा धूर गार पाइपात थिजतो आणि ही खपली धरते. ती पेट घेते, ताई! पाइपातून घरघर आवाज आला, वर ठिणग्या दिसल्या, तर लाकडं बाहेर ओढा, चुलीची तोंडं ओल्या गोणपाटानं बंद करा, सगळ्यांना घराबाहेर काढा आणि अग्निशमन दलाला कळवा. तापलेल्या चुलीवर पाणी ओतू नका, ती तडकते. पुढच्या वर्षी पावसाआधी फोडलेलं लाकूड पडवीत रचून ठेवा. रोज चूल पेटत असेल तर महिन्याकाठी एकदा दोरी फिरवा.

प्रश्न : पुण्यात फ्लॅटमध्ये विजेची चिमणी आहे. आवाज खूप, ओढ कमी. कंपनीचा माणूस मोटर बदला म्हणतो.

उत्तर : मोटरला हात लावण्याआधी जाळी काढून कडक पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवा, तेलाचा थर तिथेच बसतो. मग पाइप बघा. चुण्या पडलेला लांब पाइप आणि तीन-तीन वळणं असतील, तर कुठलीच मोटर पुरत नाही. आणि फोडणी देताना लांबची एक खिडकी उघडी ठेवा.

प्रश्न : लेक बाळंतपणाला आली आहे. शेक-धुरीला कोळशाची शेगडी लागते. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून थंडीत रात्रभर दार-खिडकी लावून ती खोलीतच ठेवतो. धुराडं नाही, तरी चालेल ना?

उत्तर : नाही. आज रात्रीपासून बंद करा.

धूर दिसत नाही हीच तर खरी भीती. निखारे धुमसताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. बंद खोलीत बाळ-बाळंतिणीचा त्यानं जीव जातो. शेक द्यायचा तर दार-खिडकी उघडी ठेवून, कुणीतरी जागं बसलेलं असताना द्या. शेक झाला की शेगडी अंगणात नेऊन ठेवा, राखेनं झाकलेली असली तरी. रात्री ऊब हवी तर दुपटी, गोधड्या वाढवा. लेकीचं डोकं जड झालं, मळमळलं, बाळ सुस्तावलं, तर निखारे विझवत बसू नका; दोघांना आधी मोकळ्या हवेत आणा आणि तिथूनच दवाखान्यात न्या.