टेक्सासमधल्या ऑस्टिनला पहिल्यांदाच थंडीची लाट अनुभवणार आहोत. रोजचं कसं निभावतं? शनिवार-रविवारी घरातच बसायचं का?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये पुण्याहून आलात, घर भाड्याचं आहे, मुलं लहान आहेत आणि ऑफिसात पुढच्या आठवड्याच्या 'फ्रीझ'शिवाय दुसरा विषय नाही. घाबरू नका, पण हसण्यावारीही नेऊ नका. हवामानाचा अंदाज उघडलात की आकड्याच्या आधी एक गोष्ट बघा: येणारी थंडी कोरडी आहे की ओली? १८ फॅरनहाइट (उणे ८ सेल्सियस) आणि वर लख्ख ऊन असेल तर कानटोपी घालून खुशाल भटका. ३० फॅरनहाइट (उणे १ सेल्सियस) आणि भुरभुर पाऊस असेल तर गाडीची किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवून द्या, रस्त्यावर त्याचा बर्फ होतो. शिकागोचे नातेवाईक हे ऐकून हसतील. हसू देत, त्यांच्या रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या गाड्यांचे ताफे फिरतात.

एवढी थंडी इथे येतेच कशी, हा प्रश्न प्रत्येक नव्या माणसाला पडतो. आपल्याकडे सैबेरियाची हवा हिमालय अडवतो, म्हणून पुण्यात स्वेटर घातला की भागतं. इथे कॅनडापासून टेक्सासपर्यंत आडवा डोंगरच नाही. उत्तर ध्रुव आणि टेक्सास यांच्यामध्ये फक्त एक काटेरी तारेचं कुंपण आहे, असा इथला जुना विनोद आहे. दुपारी माणसं हाफ पँटमध्ये फिरत असतात, मग उत्तरेकडे आभाळ गडद निळं होतं, वारा फिरतो आणि काही तासांत पारा धाडकन कोसळतो. याला इथे 'ब्लू नॉर्दर' म्हणतात. ११ नोव्हेंबर १९११ला शेजारच्या राज्यातल्या ओक्लाहोमा सिटीत एकाच दिवशी ८३ फॅरनहाइटवरून १७ झालं होतं, म्हणजे २८ सेल्सियसवरून उणे ८. तेव्हा सकाळचं बघून मुलांचे कपडे ठरवू नका, संध्याकाळचं बघा.

आता घर. इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. पाण्याचे पाइप बऱ्याचदा माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेलेले असतात, आणि थंडीत खरा खर्च तिथेच होतो. पाणी गोठलं की पाइप तडकतो, पण ते कळतं दोन दिवसांनी, बर्फ वितळून छतातून धार लागल्यावर. म्हणून आजच घरमालकाला फोन करून विचारा की पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे. बहुतेक वेळा तो फुटपाथजवळ, जमिनीतल्या मीटरच्या पेटीत असतो. झाकण उघडून बघून ठेवा, लागणारा पाना घरात आहे का तेही बघा. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन शोधायची ती वस्तू नव्हे.

बाहेरच्या नळाला लावलेला बागेचा पाइप काढा. नळावर बसवायचं फोमचं टोपण दुकानात एव्हाना संपलं असेल. जुना टॉवेल गुंडाळा, वर प्लॅस्टिकची पिशवी, वर चिकटपट्टी. दिसायला भयंकर, काम चोख. रात्री सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा म्हणजे घरातली ऊब पाइपापर्यंत पोचते. नळ बारीक धारेने चालू ठेवायचा की नाही, यावर इथे दोन शेजाऱ्यांचं एकमत होणार नाही. सगळे एकदम चालू ठेवतात तेव्हा गावाचा दाब उतरतो, म्हणून तुमच्या पाणीखात्याचा निरोप बघून ठरवा. बागेला आपोआप पाणी घालणारी सिस्टीम असेल तर तिचे जमिनीवर आलेले पाइप झाका, हे हटकून विसरतात.

आणि झाडं! तुळस आणि कढीपत्ता कुंडीत असेल तर पारा ४० फॅरनहाइटच्या (४ सेल्सियसच्या) खाली जायच्या आधीच गॅरेजमध्ये घ्या. इथल्या मराठी-तेलुगू घरांत कढीपत्त्याची काळजी मुलांच्या खालोखाल घेतली जाते. जमिनीत लावलेल्या झाडांवर जुनी चादर पार मातीपर्यंत टेकेल अशी घाला, जमिनीची ऊब आत राहते. नुसतं प्लॅस्टिक पानांवर टाकू नका, जिथे टेकतं तिथे पान करपतं.

वीज जाईल का? २०२१च्या फेब्रुवारीत गेली होती, आणि ज्याने ते दिवस काढले तो आजही अंदाज ऐकून मेणबत्त्या मोजतो. तेव्हा राज्यात ४५ लाखांहून जास्त घरं अंधारात होती, सरकारी मोजणीनुसार २४६ माणसं गेली, आणि अख्खं वीजजाळं कोसळायला चार मिनिटं सदतीस सेकंद उरली होती. टेक्सासचं जाळं बाकी अमेरिकेपासून जवळजवळ तुटक, त्यामुळे बाहेरून मदत घ्यायची सोय बेताचीच. नंतर वीजकेंद्रं थंडीसाठी तयार ठेवायचा कायदा झाला. २०२३च्या सुरुवातीला ऑस्टिनमध्ये वीज गेली ती वेगळ्याच कारणाने: पावसाचा बर्फ होऊन फांद्यांवर चढला. इथला लाइव्ह ओक हिवाळ्यातही हिरवा असतो, प्रत्येक पानावर बर्फाचा थर बसला आणि फांद्या मोडून तारांवर पडल्या. ओली थंडी वाईट म्हणतो ती यासाठी.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो: वीज गेली तर कोळशाची शेगडी घरात आणायची नाही, आणि बंद गॅरेजमध्ये गाडी चालू करून ऊब घ्यायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. २०२१मध्ये या विषबाधेने घरंच्या घरं हॉस्पिटलात गेली.

बाकी रोजचं सोपं आहे. ब्रेड-दूध-अंडी लाटेच्या दोन दिवस आधी आणा, आदल्या संध्याकाळी एच-ई-बी या इथल्या किराणा-सुपरमार्केटात रिकामी फडताळं बघायला मिळतील. इडलीचं पीठ आणि दही ओव्हनमध्ये ठेवा, फक्त आतला दिवा लावून. शाळा बंद असल्याचा मेसेज पहाटे येतो, तेव्हा दोघांपैकी कोण घरी थांबणार ते आदल्या रात्रीच ठरवा. गाडीत टायरचा पिवळा दिवा लागला तर घाबरू नका, थंडीने हवेचा दाब उतरतो. काचेवरचं दव गोठलं असेल तर त्यावर गरम पाणी ओतू नका. आणि उड्डाणपूल रस्त्याच्या आधी गोठतात, हे डोक्यात ठेवा.

शनिवार-रविवार कोरडा निघाला तर अजिबात घरात बसू नका. बार्टन स्प्रिंग्ज या ऑस्टिनमधल्या पोहण्याच्या तलावाचं पाणी झऱ्याचं, बारा महिने ६८ ते ७० फॅरनहाइट (२०-२१ सेल्सियस). गोठलेल्या सकाळी पाण्यावरून वाफा निघत असतात आणि त्यात म्हातारी माणसं निवांत पोहत असतात. तुम्ही नाही उतरलात तरी मुलांना काठावरून दाखवा. (गुरुवारी सफाईसाठी बंद असतं.) वारा बोचरा असेल तर सरळ जमिनीखाली जा: ऑस्टिनजवळच्या जॉर्जटाउनची इनर स्पेस कॅव्हर्न. हायवेच्या पुलासाठी १९६३मध्ये भोकं पाडताना ही गुहा सापडली. आत कायम ७२ फॅरनहाइट (२२ सेल्सियस) आणि भरपूर दमटपणा, मुलं पाच मिनिटांत जॅकेटं तुमच्या हातात देतील.

माझी खरी शिफारस मात्र फुकटातली आहे. यंदा डिसेंबर उबदार गेला, म्हणजे पहिली कडक रात्र हीच. दुसऱ्या दिवशी उजाडताच ओढ्याकाठच्या सावलीतल्या एखाद्या पायवाटेवर जा आणि फ्रॉस्टवीड शोधा. कमरेएवढं, वाळून गेलेलं, एरवी ढुंकूनही बघणार नाही असं झाड. खोडातला रस गोठून फुगतो, खोड बुडाशी उभं चिरतं आणि त्या चिरेतून बर्फाची पातळ पांढरी पट्टी बाहेर येत येत स्वतःभोवती वळते. कागदाहून थोडी जाड, रेशमासारख्या रेघा असलेली. बोट लावलं की मोडते, ऊन आलं की संपते. नऊनंतर गेलात तर ओली काडी बघून परत याल.

एन्चँटेड रॉक या उघड्या खडकाच्या डोंगरावर जायचं तर दिवसाचा पास आधी काढा, हिवाळ्याचे शनिवार भरलेले असतात. पाऊस झालेला असेल तर तो गुळगुळीत गुलाबी ग्रॅनाइट मुलांना घेऊन चढू नका. मुलांची नाकं गळायला लागली तर आधी सीडरच्या ॲलर्जीचं निदान करा: हिवाळ्यात इथे जुनिपरचे (त्यालाच इथे सीडर म्हणतात) पराग उडतात, कोरडा उत्तरवारा आला की फारच. सर्दी समजून लोक आठवडाभर काढा पीत बसतात.

मंडळाची संक्रांत त्याच शनिवारी असेल तर तिळगूळ करून ठेवा, पण शाळेचा हॉल असेल तर खात्री करून निघा. शाळा बंद म्हणजे हॉलही बंद.