मधे तोंड घालू नकोस

पोरी,

मेसेज वाचला. केळीच्या भावावर फिल्म काढायला निघालीस, कांदेबागेच्या केळीचा खर्च, करपा रोगाची फवारणी, व्यापारी भावातून कापतो ती कटती असे प्रश्न वहीत लिहून नेलेस, आणि सावद्याच्या आजी वीस मिनिटं त्यांच्या मेलेल्या बैलावरच बोलत राहिल्या. त्याला बांधाशी पुरलं ती जागा दाखवायला त्या उठल्या, तर तू त्यांना परत खाटेवर बसवलंस आणि विचारलंस, ‘आजी, क्विंटलमागे काय सुटलं?’ आता मला विचारतेस, विषयच हातातून गेला, चित्रही स्वच्छ नाही, फिल्म सोडून देऊ का.

विषय बांधाकडे निघाला होता. तूच त्याला खाटेवर बसवलंस.

वर माझ्या डीव्हीडी परत आल्या, चिठ्ठीसकट: ‘काका, यात नुसते लोक बोलतात.’ एरॉल मॉरिस या अमेरिकन माहितीपटवाल्याच्या सुरुवातीच्या तीन फिल्मांचा तो संच मी कुणाच्या हातात देत नाही, तुला दिला. बरं, नुसते लोक बोलतात. मग काय बोलतात ते तरी ऐकायचंस. ‘गेट्स ऑफ हेवन’ १९७८ची. कॅलिफोर्नियात पाळीव जनावरांची एक दफनभूमी बंद पडली आणि पुरलेली कुत्री-मांजरं उकरून दुसऱ्या जागी न्यावी लागली. पेपरात ही बातमी वाचून हा गडी निघाला. (जर्मन दिग्दर्शक वर्नर हरझॉगने पैज म्हणून बूट शिजवून खाल्ला तो याच फिल्मपायी. तो किस्सा सगळ्यांना पाठ असतो, फिल्म कुणी पाहिलेली नसते.) त्यात दारात बसलेली एक म्हातारी आहे. तिचा त्या दफनभूमीशी संबंध म्हटला तर एवढाच की ती शेजारी राहते. स्वतःच्या दुखण्यावरून ती घरच्या पोरावर घसरते, त्याला दिलेल्या पैशांवर येते, आणि एका वाक्यात सांगितलेलं पुढच्या वाक्यात स्वतःच खोडून टाकते. कॅमेरा हलत नाही, कुणी काही विचारत नाही. त्या बाईचा सगळा एकटेपणा तिथे बसल्या बसल्या बाहेर येतो. मॉरिसने मधे एक प्रश्न टाकला असता, तर आपल्याला फक्त दफनभूमीची माहिती मिळाली असती.

मधे तोंड घालू नकोस. एवढंच सांगायचंय, बाकी कॅमेरा कुठला घेऊ वगैरे तू यूट्यूबवर बघ.

विषय हातातून जाण्याचं म्हणशील तर दुसरी डिस्क आठव. ‘व्हर्नन, फ्लोरिडा’, १९८१. विम्याच्या पैशांसाठी स्वतःचेच हातपाय तोडून घेणाऱ्यांवर फिल्म करायला तो त्या गावात गेला होता. लोक अंगावर आले, ते काम बारगळलं. मग गावात जे बोलत होते त्यांचं ऐकत बसला. एक जण रानटी टर्की पक्ष्यांच्या शिकारीवर असा काही बोलतो की आपल्याकडच्या पारावरच बसल्यासारखं वाटतं. आणि तिसरी, ‘द थिन ब्लू लाइन’, १९८८. टेक्सासमध्ये फाशीच्या खटल्यांत साक्षी देणाऱ्या एका मानसोपचारतज्ज्ञावर फिल्म करायची होती. त्या निमित्ताने भेटला रँडल अ‍ॅडम्स, १९७६मध्ये डॅलसच्या पोलिसाचा खून केला म्हणून शिक्षा भोगणारा. मॉरिसने कागदपत्रं उपसली, साक्षीदार शोधले, त्यांना बोलू दिलं, आणि खोटं बोलणारे बोलता बोलता आपल्याच शब्दांत अडकत गेले. खरा संशय ज्याच्यावर होता त्याच्या शेवटच्या मुलाखतीला कॅमेरा बंद पडला. मग नुसता टेपरेकॉर्डर. फिल्मचा शेवट म्हणजे पडद्यावर टेपरेकॉर्डर आणि त्याचा आवाज. अ‍ॅडम्स १९८९मध्ये सुटला. आणि तू मला सांगतेस, चित्र स्वच्छ नाही!

हे तुला लग्नाच्या शूटिंगवाल्याने का सांगावं, असं तुझ्या मनात येणारच. माझं आयुष्य वरातीपुढे उलटं चालण्यात गेलं, खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा, मागे हॅलोजन धरणारा पोरगा. स्वतःची एकही फिल्म झाली नाही. ती सल आहे, ती राहणार. पण मुंबईला गेलेल्या माझ्या दोस्तांना वाटतं मी नुसते हारतुरे काढले, ते मला मान्य नाही. मांडवाच्या कडेला बसलेले म्हातारे बोलायला लागले की मी कॅमेरा तिकडे वळवायचो आणि चालू ठेवायचो. कुठल्या साली तापीला पूर आला, कुणाच्या वरातीत बैल उधळले. मिक्सिंगला बसलो की यजमान म्हणायचे हे काढा, आहेराचं घाला, गाणं टाका. एकाने तर ठरलेल्या पैशांतले पैसे कापले. मी त्यांना हवी तशी कॅसेट करून दिली आणि मूळ टेप घरी ठेवल्या. आता त्याच घरांतून फोन येतात, आजोबांचा आवाज आहे का? आहे. देतो. पैसे घेऊन देतो, आणि त्याखाली गाणं टाकून मागितलं तर देत नाही. बायको म्हणते हा हट्ट आहे. असू दे.

तेव्हा ‘आजी विषयाला धरून बोलत नाहीत’ हे मला परत ऐकवू नकोस. बागेत टिश्यू कल्चरची, प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं आली, ड्रिप आलं, ट्रॅक्टर आला, आणि बैल गेला. भाव आजींना पाठ आहे, तो त्या व्यापाऱ्यालाही सांगतात. बैलाचं त्या तुला सांगत होत्या. आणि कोण जाणे, बांधाशी पोचल्यावर खर्चाचा हिशोबही निघाला असता. नसता निघाला तरी बिघडलं नसतं. तुझ्यासारखी हुशार पोरंच हे फार करतात, उत्तर आधी ठरवून जातात आणि समोरच्याच्या तोंडात ते येईपर्यंत प्रश्न बदलत राहतात. बोलणाऱ्याने श्वास घेतला की तुम्हाला वाटतं, आता आपली पाळी.

मधे तोंड घालू नकोस. तो थांबला तरी नको. मनात पाढे म्हण, पण गप्प बस.

रविवारी सकाळी परत जा, दुपारच्या उन्हात आजींना बांधावर नेऊ नकोस. वही घरी ठेव. फोन एअरप्लेन मोडवर टाक, मागच्या वेळी तो मधेच वाजला, तेही तोंड घालणंच. वाऱ्याने केळीची पानं फार वाजतात, तेव्हा माइकला फोम लाव. नसेल तर माझ्याकडून ने. आणि ते कापलेलं चाळीस सेकंदांचं पाठवू नकोस, वीसच्या वीस मिनिटं पेनड्राइव्हवर घालून आण. डीव्हीडी तेव्हाच परत घेऊन जा. दुसरी डिस्क मधेच अडकते, प्लेअरची लेन्स पुसून घे.

तुझे काका
भुसावळ