दप्तर कपाटावर ठेवणारा मुलगा

प्रश्न: ताई, आम्ही चिपळूणला बाजारपेठेजवळ राहतो. 22 जुलै 2021 च्या पुरात पहाटे घरात पाणी शिरलं, मुलाला कडेवर घेऊन वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे पळालो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच अडकलो, लाईट नाही, नेटवर्क नाही. मुलगा तेव्हा 4 वर्षांचा होता, आता 8 चा आहे. एरवी मस्त असतो, पण जून लागला की रोज झोपताना दप्तर आणि बूट कपाटावर नेऊन ठेवतो, पाऊस जोरात आला की अंथरूण ओलं करतो, सकाळी पोट दुखतं म्हणतो. सासरे म्हणतात 2005 ला पण पूर आला होता, आम्ही नाही असली थेरं केली. मिस्टर ओरडतात. मी स्वतः रात्री दोन-दोनदा उठून खिडकीतून बघते. एवढ्या लहानपणचं त्याला खरंच आठवत असेल का?

उत्तर: आठवतंय, पण गोष्टीसारखं नाही. त्याला विचारलंत तर कदाचित चार वाक्यंही सांगता येणार नाहीत, पण पत्र्यावरचा पावसाचा आवाज, ओल्या चिखलाचा वास, अंधार, आईच्या छातीतली धडधड हे सगळं त्याच्या मेंदूनं धोका या एकाच खात्यात टाकून ठेवलंय, आणि त्यातलं एक काही आलं की आतली घंटा वाजते, पोट दुखतं ते खरंच दुखतं, नाटक नसतं ते. अंथरूण ओलं होणं तर त्याच्या हातातच नाही, त्यामुळे त्यावरून ओरडणं आजपासून बंद, चादर बदलायची आणि विषय संपला.

दप्तराचं वाचून मला खरं सांगू का, कौतुकच वाटलं. त्या पहाटे त्याच्या हातात काहीच नव्हतं, आता तो स्वतःपुरता बंदोबस्त करतोय. ते बंद करू नका, उलट त्याच्याबरोबर करा. वरच्या फळीवर एक बॅग ठेवा, त्यात टॉर्च, कोरडे कपडे, बिस्किटं, कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी, आणि बॅगेत काय जायचं ते त्याला ठरवू द्या. पाणी आलंच तर कुणाकडे जायचं, कोण कुणाचा हात धरणार हेही एकदा दिवसाउजेडी बोलून घ्या.

आपण पालक काय करतो, "काही होत नाही रे, झोप" म्हणतो. त्यानं तर होताना बघितलंय! त्यापेक्षा खरं सांगा. वाशिष्ठी नदीची इशारा पातळी 5 मीटर आणि धोक्याची 7 मीटर, आज पाणी किती आहे ते दोघं मिळून बघा आणि मग "आज झोपायला हरकत नाही" म्हणा. पण दिवसातून एकदाच हं. दर तासाला मोबाईल बघत बसलात तर भीती वाढेल, आणि पुराचे जुने व्हिडिओ त्याच्यासमोर लावू नका, सासऱ्यांच्या ग्रुपवर येतातच ते.

खोदून खोदून "काय आठवतं सांग" असं विचारायचं नाही. चित्र काढताना, खेळताना तो आपणहून बोलला तर हातातलं काम ठेवून ऐका, मध्ये सुधारणा नकोत, "हो, तेव्हा मी पण घाबरले होते" एवढं पुरे. जेवणाची, झोपायची वेळ पावसाळ्यात मुद्दाम जास्त सांभाळा, रोजचं तेच तेच असलं की मुलांना धीर येतो.

सासऱ्यांशी वाद घालू नका. 2005 ला ते मोठे होते, कुठे जायचं ते त्यांना ठाऊक होतं, 4 वर्षांच्या पोराला नव्हतं. उलट तेव्हा तुम्ही काय काय केलंत ते नातवाला सांगा म्हणावं, पाणी ओसरल्यावर घर कसं धुतलं, दुकान कसं उघडलं ते, म्हणजे पाणी येतं तसं जातंही हे त्याला आजोबांच्या तोंडून कळेल. मिस्टरांना मात्र हे पान वाचायला द्या.

आता थोडं स्पष्ट. अशा घटनेनंतर पहिले काही आठवडे मूल बिथरतं आणि बरीच मुलं हळूहळू सावरतात, पण महिन्याच्या वर गेलं आणि झोप, शाळा बिघडायला लागली तर तज्ज्ञांना दाखवायला हवं. तुमच्याकडे तर दर पावसाळ्यात तेच चाललंय, म्हणून दाखवाच. आधी मुलांच्या डॉक्टरांकडून अंथरूण ओलं होण्याचं दुसरं काही कारण नाही ना ते बघून घ्या. मग लहान मुलांबरोबर काम करणारे समुपदेशक, नाहीतर मानसोपचार तज्ज्ञ. लगेच गोळ्या देतील ही भीती नको, अशा मुलांबरोबर खेळातून, चित्रांतून, बोलण्यातून थोडं थोडं काम करतात आणि आईबाबांनाही त्यात घेतात. नाहीतर टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, फुकट आहे, चोवीस तास असतं, मराठीत बोलता येतं.

आणि त्या फोनवर स्वतःबद्दलही बोला. तुम्ही रात्री उठून खिडकीशी जाता ना, तो पांघरुणातून बघत असणार. चार वर्षं तुम्हालाही कुणी विचारलेलं दिसत नाही.