पेंडा, ओस्वाल्ड आणि वैर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : सातव्या शतकात उत्तर इंग्लंडमधील नॉर्थंब्रियाचा राजा एडविन ख्रिस्ती झाल्यावर सहाच वर्षांत मारला गेला. हे धर्मासाठी झालेले बलिदान मानावे का?

उत्तर : पुढे एडविनला संत मानले गेले हे खरे, परंतु रणांगणावर कोण कोणाच्या बाजूने उभे होते हे पाहिले, तर ही समजूत टिकत नाही. त्याने ६२७ मध्ये यॉर्क येथे बाप्तिस्मा घेतला आणि ६३३ मध्ये हॅटफील्ड चेस येथे तो पडला. त्याच्याविरुद्ध जुन्या देवांना मानणारा, मध्य इंग्लंडमधील मर्सियाचा पेंडा होता. पण त्याच्या जोडीला होता वेल्समधील ग्विनेडचा ब्रिटन (बेटावरच्या मूळ रहिवाशांपैकी) राजा कॅडवॉलन, आणि तो ख्रिस्ती होता. त्यानंतर नॉर्थंब्रियात बायकामुलांचीही गय न करता कत्तल केल्याचा ठपका इतिहासकार बीडने (Bede) ठेवला आहे तो याच ख्रिस्ती राजावर.

प्रश्न : पेंडा तरी ख्रिस्ती धर्माचा हाडवैरी होता ना?

उत्तर : त्याचे वैर नॉर्थंब्रियाच्या राजघराण्याशी होते. ६४२ मध्ये त्याने तिथल्या ओस्वाल्ड राजाला ठार करून त्याचे शिर आणि हात तोडून खांबांवर लटकवले. वर्षभराने ओस्वाल्डचा भाऊ ओस्विउ याने ते काढून आणले, शिर लिंडिसफार्नच्या मठात पुरले आणि हात बँबरो येथे ठेवले. असे असूनही आपल्या राज्यात धर्मोपदेश करण्यास पेंडाने बंदी केली नाही. ख्रिस्ती म्हणवून त्याप्रमाणे न वागणाऱ्यांचा मात्र त्याला तिटकारा होता, असे स्वतः बीड, म्हणजे एक ख्रिस्ती मठवासीच, ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या इतिहासात नोंदवतो. प्रतिपक्षाविषयीची अशी साक्ष मला अधिक विश्वसनीय वाटते.

६५५ मध्ये, आता राजा असलेल्या ओस्विउविरुद्धच्या विनवेडच्या लढाईत पेंडा मारला गेला, तेव्हाची फळी तर आपल्याकडच्या भाऊबंदकीची आठवण करून देणारी आहे. पूर्व अँग्लियाचा ख्रिस्ती राजा एथेलहेर पेंडाच्या बाजूने लढत होता. ओस्वाल्डचा सख्खा मुलगा एथेलवाल्ड चुलत्याविरुद्ध पेंडाच्या सैन्याला वाट दाखवत आला आणि ऐन लढाईच्या वेळी बाजूला सरून, कोण जिंकते ते पाहत सुरक्षित जागी उभा राहिला. ओस्विउने आधी भरपूर खजिना देऊ करून तह मागितला होता; पेंडाने तो नाकारला, तेव्हा ओस्विउने विजय मिळाल्यास आपली जेमतेम वर्षाची मुलगी आणि बारा जमिनी देवाला वाहण्याचा नवस केला, आणि तो फेडलाही.

प्रश्न : ‘शत्रूला क्षमा करा’ ही शिकवण कोणी आचरणात आणली का?

उत्तर : आग्नेय इंग्लंडमधील एसेक्सचा राजा सिगेबर्ट याने आणली आणि ती त्याच्या जिवावर बेतली. त्याला मारणारे दोघे भाऊ त्याचेच नातलग होते. कारण विचारले असता, राजा शत्रूंना फार सहज क्षमा करतो याचाच आम्हाला संताप आला, असे त्यांनी सांगितले. ज्या समाजात सूड घेणे हे नातलगांचे कर्तव्य समजले जाई, तेथे क्षमाशील राजा आप्तांना गैरसोयीचा वाटणे स्वाभाविक होते.

म्हणूनच ६७९ मध्ये मर्सियाशी ट्रेंट नदीजवळ झालेल्या लढाईत नॉर्थंब्रियाचा अठरा वर्षांचा राजपुत्र एल्फवाइन पडला, तेव्हा कँटरबरीचे आर्चबिशप थिओडोर यांनी मध्यस्थीसाठी रूढीचाच आधार घेतला. जिवाच्या बदल्यात जीव न घेता, ठरलेली भरपाई मर्सियाच्या राजाने मृताच्या भावाला, एक्फ्रिथ राजाला, पैशात द्यावी असे ठरले. दोन्ही राजांत सोयरीकही होती, कारण मर्सियाची राणी मृताचीच बहीण होती. ती रक्कम चुकती झाली आणि त्या दोघांतील तह पुढे दीर्घकाळ टिकला.